'ठी'वर अडलेली कविता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, शाळाशाळांच्या फळ्यांवर 'मराठी' हा शब्द उभा लिहून त्याच्या एकेका अक्षरापासून ओळ रचलेली दिसते. म - महाराष्ट्राची शान, रा - राजभाषा महान, इथवर सगळे सुरळीत चालते आणि 'ठी'पाशी घोडे पेंड खाते. मग कुणी 'ठीक आहे ना?' लिहून मोकळा होतो, कुणी 'ठेवू तिचा मान' करून वेलांटीच्या जागी मात्रा खपवतो. मुलांचा यात काही दोष नाही. ठीक आणि ठीकठाक सोडले तर दीर्घ 'ठी'ने सुरू होणारा शब्द मोठ्यांनाही चटकन आठवत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आद्याक्षरांवरून कविता हा खेळ मला फार आवडतो. कोऱ्या कागदाला घाबरणाऱ्या मुलाला पहिले अक्षर आयते मिळाले की ते पुढे सरकते. तक्रार आहे ती हा खेळ इंग्रजी वर्कशीटवरून जसाच्या तसा उचलण्याबद्दल. मध्यंतरी शेजारच्या दुसरीतल्या मुलीला शाळेतून मिळालेला कागद पाहिला. नाव सायली. इंग्रजीत तिच्या नावाची अक्षरे सहा, म्हणून चौकटी सहा. मराठीत सा, य, ली अशी तीनच. उरलेल्या तीन चौकटींत आईने आडनाव कोंबले होते! आणि ओळी कसल्या, तर सालस, यशस्वी, लीन. 'लीन' म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते, आणि वर्गात दुसरी सायली असती तर तिच्याही वाट्याला हीच कविता आली असती.

मराठीत अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट अक्षर. त्यामुळे आपली नावे दोन, तीन, फार तर चार ओळींत आटोपतात. दुसरी-तिसरीच्या मुलाला तेवढीच झेपतात. अडचण येते ती शेवटच्या अक्षराशी. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. सायली, आरती, मराठी, सगळ्यांना दुसरी वेलांटी. ओळ मात्र सुरू होते शब्दाच्या पहिल्या अक्षराने, आणि तिथे मराठी शब्दांत बहुतेक वेळा पहिली वेलांटी असते. ठिपका, ठिणगी, ठिगळ, ठिकाण, ठिबक. 'ठीक' तेवढा दीर्घ, कारण अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ होते. १९६२ पासूनचे शुद्धलेखनाचे नियमच असे आहेत, त्यामुळे नावाची शेपटी आणि ओळीचे तोंड जुळता जुळत नाही.

उपाय सोपा आहे. वेलांटी पहिली असो की दुसरी, उकार पहिला असो की दुसरा, खेळात दोन्ही चालतील, एवढेच मुलांना सांगावे. लगेच ठिपक्यांची रांगोळी, चुलीतली ठिणगी, शेतातले ठिबक असे सगळे हाताशी येते. शुद्धलेखन बिघडेल ही भीती काही शिक्षकांना वाटते. मला नेमका उलटा अनुभव आला. नावात 'ठी' दीर्घ आणि ओळीत 'ठि' ह्रस्व, असे दोन्ही शेजारी बघितल्यावर "बाई, असं का?" हा प्रश्न मुलाकडूनच येतो. एरवी हा नियम शिकवताना अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो.

जोडाक्षरांचेही तसेच. प्राजक्ताचे 'क्ता' घेऊन कुणी काय लिहिणार? त्यातला 'क' घ्या नाहीतर 'ता' घ्या. ण आणि ळ यांनी तर मराठी शब्द सुरूच होत नाही. भेंड्यांत आपण ण आला की न आणि ळ आला की ल घेतो, ते इथेही चालते. पण त्याहून मजेची एक युक्ती आहे. अक्षर ओळीच्या आत कुठेही येऊ द्यावे आणि त्याला लाल गोल करावा. 'तुळस' या शब्दावर तिसरीच्या एका मुलीने केलेली कविता अशी होती:

तुम्ही सारे झोपलात,
ओळखीचा वारा आला,
सगळी पानं हलली.

दुसऱ्या ओळीतला 'ळ' तिने असा झोकात रंगवला होता की कविता नंतर दिसायची, ळ आधी. आणि 'पाऊस'वर एका मुलाने लिहिले:

पागोळीखाली बादली भरली,
ऊन आलंच नाही,
सदरा अजून ओला.

यात 'सालस', 'यशस्वी' असले एकही विशेषण नाही. माझ्या वर्गात गुण सांगणारे शब्द आणायला बंदी होती. त्याऐवजी मी विचारत असे, काल काय पाहिलंस? कशाचा आवाज आला? आधी सगळे तोंडी, लिहिणे सगळ्यात शेवटी.

हे काही साहेबाकडून आलेले खूळ नाही. अफझलखान निघाल्याची खबर समर्थ रामदासांनी ओव्यांच्या चरणांच्या आद्याक्षरांत दडवून शिवरायांना कळवली अशी कथा आहे. अक्षरे जुळवली की 'विजापूरचा सरदार निघाला आहे' असे वाचता येते. तिचे खरेखोटे इतिहासकारांनी बघावे, पण चौथीत शिवचरित्र शिकणाऱ्या मुलांना हा गुप्त निरोप सांगून पाहा, वर्ग चिडीचूप होतो. गंमत म्हणजे त्यातही 'पू'साठी 'पुढील' हा ह्रस्व शब्दच चालवून घेतलेला आहे. दत्तभक्त संत टेंबे स्वामींनी तर सप्तशती गुरुचरित्रसार या ग्रंथात ओव्यांच्या तिसऱ्या अक्षरांतून गीतेचा पंधरावा अध्याय गुंफला. तिथवर आपल्याला जायचे नाही, पण तुळशीतला 'ळ' ओळीच्या आत बसला तर त्याला आधार भक्कम आहे.

आपल्या बालपुरवणीत या खेळासाठी आठवड्याला एक कोपरा द्यावा, अशी विनंती आहे. शब्द तुम्ही द्या, ओळी मुले पाठवतील. बस, मोबाईल, मॅगी, सगळे चालू द्या. घरच्यांनी सुधारलेली किंवा फोनमधून उतरवलेली कविता मात्र छापू नका. ती ओळखायला अवघड नसते, तिच्यात कुठेतरी 'संस्कार' येतोच. पहिला शब्द 'शाळा' द्यावा. दोनच ओळी आहेत, आणि 'ळा'चे मुले काय करतात ते बघण्याची मला फार उत्सुकता आहे.

कळावे,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड