टाकीतल्या नायट्रोजनची नोंद आम्हालाही दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केमोथेरपीच्या आधी, २४व्या वर्षी, मी शुक्राणूंचे नमुने गोठवून ठेवले. त्याला आता ११ वर्षे झाली. दर वर्षी पैसे भरतो, पावती येते. यंदा लग्न ठरले म्हणून केंद्रात विचारले, की माझ्या कुप्या आहेत त्या टाकीतल्या द्रव नायट्रोजनची नोंद बघायला मिळेल का? ‘सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका,’ एवढेच उत्तर मिळाले. सहाही कुप्या एकाच टाकीत आहेत, हेही तेव्हाच कळले.

वर्षे किती लोटली याची मला भीती नाही. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, शुक्राणू जसेच्या तसे राहतात. ४० वर्षे ठेवलेल्या नमुन्यातूनही मूल जन्मले आहे. भीती टाकीची आहे. ही टाकी म्हणजे एक मोठा थर्मासच. आतला नायट्रोजन रोज थोडा थोडा उडतो, तो भरत राहावा लागतो. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी बिघडली तर तो भराभर उडतो आणि टाकीला बाहेरून घाम फुटतो, बर्फ धरतो. पातळी बघायला पट्टी आत बुडवून काढायची. पांढरे हिम जिथपर्यंत चढते, तिथपर्यंत द्रव. दोन मिनिटांचे काम, पण ते रोज कोणी करते का?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००३ साली नायट्रोजनची पातळी उतरली आणि कर्करोगाच्या रुग्णांनी ठेवलेले नमुने वितळले. तो नमुना ज्याचा त्याच्याच मालकीचा, असे तिथल्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये २०१८ साली ४,०००हून अधिक स्त्रीबीजे आणि भ्रूण गेले. तिथे कर्मचाऱ्यांना दूरवर इशारा देणारा अलार्मच बंद होता.

वितळून पुन्हा गोठलेली कुपी बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून नोंदीला एवढे महत्त्व. वर्षभरातली सर्वांत कमी पातळी, अलार्म शेवटचा कधी तपासला ती तारीख आणि रात्री तो वाजला तर कोणाच्या फोनवर जातो, एवढे पावतीसोबत मिळालेच पाहिजे. नमुने पहिल्या दिवसापासून दोन टाक्यांत विभागून ठेवावेत.

उपचारांनंतर माझ्या शरीरात शुक्राणू तयार होत नाहीत. तीन कुप्या दुसऱ्या टाकीत हलवाव्यात असा लेखी अर्ज मी दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही.

आपला,
एक वाचक