यूशिवायचा क्यू: बाईंना खुलं आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

स्क्रॅबलसाठी, म्हणजे पटावर इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळासाठी, तुम्ही करून दिलेल्या क्यूच्या यादीबद्दल हे पत्र. तुम्हाला भेटून आभार मानता आले असतेच, पण उघडपणे लिहायचं कारण असं की मराठी बोलणाऱ्या कुठल्याही खेळाडूला ही यादी उपयोगी पडेल. तिच्यात तुम्ही नेमकं काय केलंत, ते त्यांनाही कळावं.

ज्यात क्यूनंतर यू येत नाही अशा शब्दांच्या याद्या खेळाडूंकडे असतातच. पण त्या असतात नुसत्या अक्षरांच्या. शब्द खेळाच्या अधिकृत यादीत असला की झालं, अर्थाशी काय करायचंय, असं बरेच जण म्हणतात, आणि नियमाने ते बरोबरही आहे. तुम्ही मात्र शब्द वर्णानुक्रमाने न लावता कुठल्या भाषेतून आले त्याप्रमाणे लावलेत आणि समोर मराठी अर्थ लिहिलेत. मग दिसलं की यातला बराचसा माल आपल्या ओळखीचाच आहे. डब्ल्यू-ए-क्यू-एफ म्हणजे वक्फ. टी-ए-एल-ए-क्यू तलाक, एफ-ए-क्यू-आय-आर फकीर, क्यू-ए-डी-आय काझी. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल हा कव्वाल, त्याला आय जोडला की कव्वाली. एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम तर चक्क मुकादम! इंग्रजीत त्याचा अर्थ गावचा प्रमुख. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम त्याचाच भाऊबंद.

हे असं का, तेही तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. अरबीत काफ आणि घशातून येणारा क़ाफ अशी दोन वेगळी अक्षरं आहेत. ज्यांना तो फरक जपायचा होता त्यांनी क़ाफसाठी क्यू वापरला; कानाला ऐकू आलं तसं लिहिणाऱ्यांनी के किंवा सी. म्हणून एकच शब्द दोन-तीन वेषांत सापडतो. वक्फ, तलाक आणि फकीर केनेही चालतात, काझीला के आणि सी दोन्ही चालतात. क्यू हातात नसतानाही तुमची यादी उपयोगी पडते ती यामुळे. मराठीत दोन्हींना एकच क, त्यामुळे आपल्याला हा भेद मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

ओळखीचे शब्द फसवतातही, आणि तुमच्या लाल शाईच्या खुणा नेमक्या तिथेच आहेत. क्यू-ए-आय-डी म्हणजे कैद नव्हे, तर उत्तर आफ्रिकेतला सरदार किंवा स्थानिक प्रमुख. काझीची अक्षरं फिरवली की हा तयार होतो, हा वरचा फायदा. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे तंबूची कनात नव्हे. तो जमिनीखालून उतारावर नेलेला पाण्याचा बोगदा, मूळ इराणकडचा. मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी बांधवलेली नहर-ए-अंबरी त्याच जातीची. तुम्ही अर्थापुढे कंसात एवढं एकच नाव लिहिलंत आणि तो शब्द कायमचा बसला.

बाकीच्या भाषांचं पान लहान आहे, पण गुण जास्त तिथूनच येतात. क्यू-आय हा चिनी शब्द, अर्थ प्राणशक्ती, उच्चार ‘ची’. क्यू असलेला दोन अक्षरी शब्द हा एकच. अमेरिकेतल्या यादीत तो 2006 साली आला. आपल्याकडे स्पर्धेत कॉलिन्स या शब्दकोशाची यादी चालते, तिच्यातही तो आहे. त्याला शेवटी एस लागतो आणि एनही लागतो. एन लावला की चिनी तंतुवाद्य. क्यू तिप्पट-अक्षराच्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर (क्यूचे 10 तिप्पट, आयचा 1) एकतीस आणि एकतीस, म्हणजे एकट्या दोन अक्षरी शब्दावर 62 गुण. क्यू-ए-टी ही येमेनकडे पानं चघळतात ती वनस्पती, शब्द मात्र अरबीच. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षर, साधे 18 गुण. वक्फचे साधे 19.

कव्वालीचा मोह मात्र आवरावा, ही तुमची सूचना आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. साध्या घरांतही तिचे 22 अधिक हातातल्या सातही टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या) एकदम वापरल्याचे 50 होतात, पण अख्ख्या संचात डब्ल्यू दोनच. एक पटावर दिसला की, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइल हातात नसेल तर, तो विचार सोडायचा.

खरी चूक होते ती यूची वाट बघण्यात. शंभर टाइल्समध्ये यू चारच असतात. क्यू रॅकवर धरून बसलं की प्रत्यक्षात सहाच टाइल्सनी खेळ चालतो आणि सात अक्षरी शब्द निघत नाही. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की बदलूनही घेता येत नाही. शेवटी क्यू हातातच राहिला आणि समोरच्याच्या टाइल्स आधी संपल्या, तर 20 गुणांचा फरक पडतो. त्यामुळे क्यू आला की आधी पटावर मोकळा आय कुठे आहे ते बघायचं, मग ए, आणि यू सगळ्यात शेवटी. हा क्रम तुमचाच.

अर्थाचा आणखी एक उपयोग चॅलेंजच्या वेळी, म्हणजे समोरच्याने शब्दावर हरकत घेतली की, होतो. शब्द वस्तूचं किंवा माणसाचं नाव आहे हे माहीत असलं की अनेकवचनाचा एस लावताना हात थरथरत नाही: काझी, वक्फ, तलाक, सगळ्यांना लागतो. आणि देशांची नावं मनात आली तरी ती विशेषनामं, हेही आपोआप आठवतं. इराक आणि कतार पटावर चालत नाहीत.

आता एक हक्काची मागणी. व्हीची अशीच यादी हवी आहे. त्याचा दोन अक्षरी शब्दच नाही, त्यामुळे कोपऱ्यात अडकलेला व्ही क्यूपेक्षा जास्त त्रास देतो. शेवटी व्ही असलेल्या छोट्या शब्दांपासून सुरुवात केलीत तर बरं: एल-ई-व्ही हे बल्गेरियाचं 2025 अखेरपर्यंतचं चलन आणि टी-ए-व्ही हे हिब्रू अक्षर एवढे आम्ही टिपून ठेवलेत. कागद आणि लाल पेन आम्ही घेऊन येतो.

आपले,
रविवारच्या पटावरचे सगळे