सॅम ह्यूस्टन १८३६ मध्ये संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला टेक्सासमधील ह्यूस्टन शहरावरचा लेख वाचला. अंतराळ केंद्र, तेलाचा व्यवसाय, तिथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे, सगळे छान आले आहे. पण शहराला ज्याचे नाव आहे त्या सॅम ह्यूस्टनची बोळवण अडीच ओळींत झाली: सॅन जॅसिंटोची लढाई जिंकणारा सेनापती आणि टेक्सास प्रजासत्ताकाचा पहिला निवडून आलेला अध्यक्ष. दोन्ही खरे आहे. टेक्सासला मेक्सिकोपासून स्वतंत्र करणारी २१ एप्रिल १८३६ ची ती लढाई अवघी १८ मिनिटे चालली आणि दुसऱ्याच दिवशी मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती सांता आना हाती लागला. परंतु या माणसाची खरी कसोटी लागली ती त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत. मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सेनापतीची लढाई सांगायची आणि त्याचे राजकारण गाळायचे, ही पाठ्यपुस्तकी सवय वर्तमानपत्रानेही उचलावी याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

ह्यूस्टनचा जन्म १७९३ चा, व्हर्जिनियातला. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन टेनेसीत, त्या काळच्या गोऱ्या वसाहतीच्या अगदी सरहद्दीवर, राहायला गेली. भावांनी त्याला दुकानात बसवले. ते त्याला मानवले नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून तो चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांत जाऊन राहिला. उलूटेका या प्रमुखाने त्याला मुलासारखे वागवले, तो त्यांची भाषा बोलू लागला. पुढे तो सैनिक झाला, वकील झाला, अमेरिकन काँग्रेसवर (संसदेवर) निवडून गेला आणि १८२७ मध्ये टेनेसीचा गव्हर्नर झाला. १८२९ मध्ये त्याचे लग्न काही आठवड्यांतच मोडले. त्याने पदाचा राजीनामा दिला, कारण कोणालाही कधीच सांगितले नाही, आणि पुन्हा चेरोकींकडेच गेला. त्याच वर्षी चेरोकींनी त्याला रीतसर आपले नागरिकत्व दिले. पुढच्या राजकारणाची मुळे इथे आहेत.

फेब्रुवारी १८३६ मध्ये, मेक्सिकोशी युद्ध पेटलेले असताना, पूर्व टेक्सासमधल्या चेरोकींचा प्रमुख दुवाली याच्याशी ह्यूस्टनने टेक्सासच्या वतीने करार केला: तुम्ही शांत राहा, तुमची जमीन तुमची राहील. चेरोकी शांत राहिले. युद्ध जिंकले गेले. नंतर टेक्सासच्याच सिनेटने तो करार फेटाळला, आणि ह्यूस्टननंतर अध्यक्ष झालेल्या लमारने १८३९ मध्ये चेरोकींवर फौज घातली. नेचेस नदीजवळच्या लढाईत ऐंशी ओलांडलेला दुवाली मारला गेला. त्या वेळी त्याच्याजवळ ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार होती, असे सांगतात. ह्यूस्टनने या मोहिमेचा जाहीर निषेध केला. तेव्हाच्या टेक्सासमध्ये मूळ अमेरिकन जमातींच्या बाजूने बोलून कुणाला मते मिळत नव्हती. तरीही १८४१ मध्ये तो पुन्हा अध्यक्ष झाला आणि त्याने लमारचे धोरण फिरवून जमातींशी तहाची बोलणी सुरू केली.

टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यावर ह्यूस्टन सिनेटर झाला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का विधेयक आले. १८२० च्या मिझुरी तडजोडीने उत्तरेकडच्या ज्या प्रदेशात गुलामगिरीला मज्जाव होता, तिथे तिचा निर्णय आता वसाहतवाल्यांच्या मतावर सोपवायचा, असे हे विधेयक. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याच्या बाजूने लाट होती. ह्यूस्टनने विरोध केला. त्याचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. जी तडजोड देशाने चौतीस वर्षे पाळली ती मोडली तर देश फुटेल. आणि ज्या जमिनी जमातींना कायमच्या म्हणून लिहून दिल्या, त्या आता वसाहतीला खुल्या करणे हा विश्वासघात आहे. दक्षिणेकडच्या सिनेटरांपैकी विरोधात मत देणारे दोघेच निघाले, टेनेसीचा जॉन बेल आणि हा.

किंमत लगेच मोजावी लागली. टेक्सासच्या विधिमंडळाने त्याचा निषेध केला, आणि मुदत संपायच्या आधीच त्याच्या जागी दुसऱ्याची निवड करून टाकली. १८५७ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. वय चौसष्ट, सॅन जॅसिंटोला घोट्यात लागलेल्या गोळीचे दुखणे अजून सोबतीला. नांगर विकत फिरणाऱ्या एका विक्रेत्याच्या लाल बग्गीत बसून ऐन उन्हाळ्यात गावोगाव भाषणे केली. हरला. दोन वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला, हार्डिन रनल्सला, हरवून गव्हर्नर झाला.

लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर दक्षिणेत अमेरिकेतून फुटून निघण्याची घाई झाली. फेब्रुवारी १८६१ मध्ये टेक्सासच्या खास प्रतिनिधी अधिवेशनाने १६६ विरुद्ध ८ मतांनी तसा ठराव केला आणि मतदारांनीही मोठ्या बहुमताने तो उचलून धरला. ह्यूस्टनने मतदारांचा कौल नाकारला नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. त्याची हरकत पुढच्या पावलाला होती: राज्याला दक्षिणेच्या नव्या संघराज्यात (कॉन्फेडरसीत) नेण्याचा अधिकार या अधिवेशनाला दिला कुणी? १६ मार्चला सर्व पदाधिकाऱ्यांनी नव्या संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असे फर्मान निघाले. आदल्या रात्री तो माडीवर येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी खाली येऊन बायकोला म्हणाला, मार्गारेट, हे माझ्याच्याने कधीच होणार नाही. ऑस्टिनच्या विधानभवनात शपथेसाठी त्याचे नाव तीनदा पुकारले गेले, तेव्हा हा तळघरात चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसला होता. तो वर गेला नाही. पद रिकामे झाल्याचे जाहीर करून एडवर्ड क्लार्कला गव्हर्नर केले गेले.

लिंकनने त्याला फौजेची मदत देऊ केली होती. ह्यूस्टनने ते पत्र चार विश्वासू माणसांना दाखवले आणि शेकोटीत टाकले. आपली खुर्ची राखण्यासाठी टेक्सासमध्ये रक्त सांडायचे नाही, हा त्याचा निर्णय होता. एप्रिलमध्ये गॅल्व्हस्टनला, चिडलेल्या जमावापुढे, त्याने सांगितले की उत्तरेचे लोक सावकाश उठतील पण एकदा उठले की थांबणार नाहीत, आणि लाखो जीव जातील. त्याचा स्वतःचा मुलगा दक्षिणेच्या सैन्यात जाऊन शिलोच्या लढाईत जखमी झाला. २६ जुलै १८६३ रोजी टेक्सासमधल्या हंट्सव्हिलला ह्यूस्टन वारला, तेव्हा उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालूच होते.

आता दुसरी बाजू, कारण ती दडवली तर माझे पत्रही त्या लेखाइतकेच अपुरे राहील. ह्यूस्टनकडे गुलाम होते. त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेची जी यादी झाली त्यात माणसे आहेत. ज्या प्रजासत्ताकाचा तो अध्यक्ष झाला त्याच्या १८३६ च्या राज्यघटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले होते आणि मुक्त कृष्णवर्णीयांना टेक्सासच्या काँग्रेसच्या परवानगीशिवाय तिथे कायमचे राहायलाही बंदी होती. मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी रद्द केली होती, हे लक्षात घेतले की टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धाची गाथाही एवढी उजळ राहत नाही. ह्यूस्टन अमेरिकेच्या अखंड संघराज्यासाठी उभा राहिला, गुलामांच्या मुक्तीसाठी नाही. त्याचे धैर्य मी मान्य करते. ते कुठे थांबले हेही सांगितलेच पाहिजे.

त्याच घरात जोशुआ नावाचा गुलाम होता. मार्गारेटबरोबर तो अलाबामाहून आला होता. लिहायला-वाचायला शिकला, उत्तम लोहार होता. स्वातंत्र्यानंतर त्याने ह्यूस्टन हेच आडनाव लावले, हंट्सव्हिलच्या नगर परिषदेवर काम केले आणि पुढे वॉकर परगण्याच्या कारभारी मंडळावर निवडून आला. त्याचा मुलगा सॅम्युएल वॉकर ह्यूस्टन याने कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. हेही टेक्सासच्या सरहद्दीचेच राजकारण आहे, आणि मला ते सॅन जॅसिंटोपेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

आपल्या पुरवणीत शहरांच्या नावांमागची माणसे पुन्हा येणार असतील, तर ह्यूस्टनवर एक पूर्ण लेख द्यावा ही विनंती. त्यात १८३९, १८५४ आणि १८६१ ही वर्षे असावीत आणि जोशुआ ह्यूस्टनला स्वतंत्र जागा मिळावी.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिक्षिका), सातारा