सावली मोजायला किट लागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यापासून मुलांना विज्ञान-गणिताची गोडी लावणाऱ्या किटच्या जाहिराती शहरात जागोजागी दिसत आहेत. ओळखीचे पालक विचारतात, घ्यावे का? मी बरीच वर्षे हायस्कूलला गणित शिकवले आहे. घ्यायचे तर घ्या, पण त्याआधी मुलाच्या हाती एक मीटरची सरळ काठी द्या आणि दुपारी त्याला अंगणात पाठवा, एवढेच मी सांगते. नागपुरात आणखी काही नसले तरी ऊन रग्गड आहे.

२६ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्याच्या बातम्या येतात, फोटो येतात. पण तेव्हा शाळा बंद, आणि विदर्भात त्या उघडतात जूनच्या अखेरीस. असाच दुसरा दिवस जुलैच्या मध्यावर येतो, तर आभाळ भरून आलेले. म्हणजे जो दिवस गाजतो तो वर्गाच्या कामाचा नाही.

कामाचा दिवस आहे २२ डिसेंबर. नागपूरचा अक्षांश साधारण २१.१५ अंश. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून दक्षिणेकडे सुमारे ४४.६ अंश कललेला असतो. ४५ ला किंचित कमी! एक मीटर काठीची सावली साडेअठ्ठ्याण्णव सेंटीमीटरच्या आसपास भरते. सावली भागिले उंची म्हणजे त्या कोनाचा टॅन, आणि टॅन ४५ बरोबर १ हे दहावीच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. इथे ते शाळेच्या मैदानावर आडवे पडलेले दिसते. झेंड्याच्या खांबाची सावली मोजली की खांबाची उंचीही जवळपास कळलीच. २१ मार्चला पुन्हा मोजा, काठीची सावली ३९ सेंटीमीटरवर आलेली असेल.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हे मात्र आधी सांगावे लागेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७९.१ च्या आसपास. म्हणून आपला सूर्य सरासरी चौदाएक मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. तेही रोज सारखे नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह ११.५७ ला होते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.२८ ला. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून हा फरक. नववीतल्या पोरीने स्वतः मोजून ‘असे का?’ विचारले, तर पुढचे दोन तास सरांनी फळ्याजवळून हलायचे नाही.

हैदराबाद जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे, दक्षिणेला पावणेचार अंशांवर आणि हवाई अंतराने सुमारे ४२० किलोमीटरवर. दोन शाळांनी एकाच दिवशी आपापल्या मध्यान्ही सावली मोजून, तिच्यावरून सूर्याचा कोन काढून एकमेकींना फोन केला, तर कोनांतला फरक आणि हे अंतर यांच्या साध्या त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास निघतो. मोजमाप थोडे चुकेल, आकडा हजार-दोन हजारांनी हलेल. हलू द्या, का हलला हेही मुलांनीच शोधावे.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये इथून जवळ हिंगणघाटला काम करता करता वारला. त्रिकोणमितीचा धडा ज्या भूमीवरून गेला, तिथलीच मुले ‘याचा उपयोग काय?’ विचारतात, हे मला तरी खटकते.

पडद्यावरच्या साधनांना माझा विरोध नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मराठीतही फुकट मिळतात. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंची खेळणी तर घरोघरी व्हायला हवीत. गांधीसागरासमोरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, पण बहुतेक शाळा तिथे वर्षातून एकदा सहलीला जातात, रांगेत फिरतात, डबे खातात आणि परततात.

आपल्याकडे एक मागणे आहे. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा अनेक दैनिके छापतात. आपण त्यांच्या शेजारी मध्यान्हाची वेळही छापावी. दोन्हींची सरासरी काढली की ती मिळते, त्यामुळे आपल्या संपादकीय विभागावर फारसा भार पडणार नाही. आणि २२ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात शाळांकडून त्यांनी मोजलेल्या सावल्यांचे आकडे मागवून, चुकलेल्या आकड्यांसकट छापावेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
नागपूर