लातूरची तहान आणि लोकसंख्येचे कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलैचा जागतिक लोकसंख्या दिन आला की पाणीटंचाईचे खापर वाढत्या लोकसंख्येवर फोडणारी भाषणे आमच्या जिल्ह्यातही होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. पृथ्वीवरच्या पाण्याला, मातीला मर्यादा आहे हेही खरेच. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात तर पाणी मुळातच कमी साठते. पण लातूर तहानले ते मुले जास्त झाली म्हणून, हे मला पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला तो साधारण २.१ लागतो. आमच्या लेकीसुनांनी आपल्या वाट्याचे काम केव्हाच केले आहे, आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा भारही जवळजवळ सगळा त्यांनीच सोसला.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पुढे पन्नास डब्यांची (वाघिणींची) गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे माणशी साडेसहा लिटर. आता उसाकडे पाहा. पावसासकट २००० मिलिमीटर पाणी धरले तरी एका एकराला ८० लाख लिटर लागतात, त्या गाडीच्या तीन खेपांहून जास्त. दुष्काळात पाऊस नसतो, तेव्हा यातले बहुतेक पाणी कालव्यातून नाहीतर बोअरमधूनच येणार. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रात उसाचा वाटा चार टक्क्यांहून कमी, पण सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला जाते, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच म्हटले आहे. २०२१-२२ मध्ये देशातून ११० लाख टनांच्या आसपास साखर निर्यात झाली. ती काही आमच्या पोरांनी खाल्लेली नाही. आता उसावर इथेनॉलचीही मागणी आहे.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. मी स्वतः कोरडवाहू शेतकरी आहे, त्याची अडचण मला कळते. उसाला एफआरपीचा, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराचा, कायदेशीर आधार आहे आणि घेणारा कारखाना ठरलेला आहे. बिल उशिरा का होईना, येते. सोयाबीनला २०२४च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला, पण बाजारात माल त्याहून कमी भावाने द्यावा लागला. मग ज्याच्या विहिरीला थोडे पाणी आहे, त्याने कोणत्या भरवशावर तूर-हरभरा पेरावा?

तेव्हा पुढच्या ११ जुलैला मंत्र्यांनी आम्हाला छोट्या कुटुंबाचे महत्त्व सांगू नये. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल विहिरी व बोअर घेण्यावर बंधने घातली आहेत. तरी आमच्याकडे आठशे-हजार फुटांची बोअर राजरोस पडतात. त्यांतली किती थांबवली, ते तालुकावार जाहीर करावे. मांजरा खोऱ्यात नव्या कारखान्याला किंवा गाळप क्षमतावाढीला परवानगी देण्याआधी तेवढ्या उसाला पाणी कुठून येणार याचा हिशेब लोकांसमोर ठेवावा. आणि तूर, हरभरा, सोयाबीन यांची खरेदी केंद्रे माल व्यापाऱ्याच्या दारात जाण्याआधी उघडावीत.

– एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)