विषय: नोंदणीकृत पत्त्यावरून परत गेलेली कंपनी निबंधकांची नोटीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या व्हर्च्युअल ऑफिस सेवेतून (स्वतःची जागा न घेता केवळ पत्ता वापरण्याची सोय) घेतलेल्या नोंदणीकृत पत्त्यावर कंपनी निबंधकांनी पाठवलेले स्पीड पोस्ट कोणीही न स्वीकारल्याने परत गेले आणि त्यानंतरच्या प्रत्यक्ष पडताळणीत दारावर आमच्या कंपनीची पाटी आढळली नाही. टपाल स्वीकारणे व पाटी लावणे या दोन्ही सेवांचे पैसे आपण आगाऊ घेतले आहेत.

आजच्या फोनवर ‘पत्र का घेतले नाही’ असे विचारताच आपले प्रतिनिधी म्हणाले, “सर, ऑफिस व्हर्च्युअल आहे, तिथे माणूस कसा असेल?” मी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ कडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांनी मला थांबवून बराच वेळ संगीत ऐकवले आणि परत येऊन विचारले, “हे कलम तुमच्या प्लॅनमध्ये दिसत नाही. अपग्रेड करायचे का?” संसदेने केलेले कलम आपल्याकडे जादा शुल्कात मिळते, हे मला ठाऊक नव्हते.

जागा केवढी असावी, टेबल किती असावेत, हे तो कायदा विचारत नाही. पत्रे व नोटिसा स्वीकारून त्यांची पोच देऊ शकेल असे कार्यालय आणि बाहेर नाव-पत्त्याची पाटी, एवढेच तो मागतो, आणि नेमके तेवढेच आपण दिलेले नाही. कसुरीबद्दल कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना प्रत्येकी दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या नियमानुसार निबंधक दोन स्वतंत्र स्थानिक साक्षीदारांसमक्ष जागेची पडताळणी करतात, छायाचित्र घेतात. त्या छायाचित्रात आपली भिंत अगदी स्वच्छ दिसते. आता नोंदवहीतून कंपनीचे नाव का वगळू नये, याचा खुलासा आम्हाला ३० दिवसांत द्यायचा आहे. पाटीचे पैसे, पुन्हा सांगतो, आपण घेतले होते.

टपाल नाकारल्याबाबत लेखी खुलासा, जागामालकाचे ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतील वीजबिल तीन दिवसांत पाठवावे. अन्यथा आम्ही आयएनसी-२२ फॉर्म भरून पत्ता बदलू, भरलेले शुल्क आणि होणारा दंड वकिलामार्फत आपल्याकडून मागू, आणि त्याच पत्त्यावर नोंदलेल्या इतर कंपन्यांनाही आपली पाटी एकदा स्वतः जाऊन पाहण्याचे पत्र पाठवू. अर्थात ते त्यांच्या संचालकांच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे लागेल.

आपला,
संचालक