तुमच्या अधिकृत ठेकेदाराने बसवलेली सेप्टिक टँक जमिनीतून वर आल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आत्ताच तुमच्या टोल फ्री नंबरवरचं बोलणं संपलं. मी फोन ठेवायच्या आत 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज आला. एवढी चपळाई टाकी बसवताना दाखवली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

हरिपूरला आमच्या परड्यात तुमची दोन हजार लिटरची तयार टाकी आहे. मी खरं तर ओळखीच्या गवंड्याकडून विटांची बांधून घेणार होतो. तुमच्या वितरकाने सांगितलं, तयार टाकी घ्या, पण बसवणारा आमच्या यादीतलाच हवा, नाहीतर वॉरंटी मिळणार नाही. यादीत सांगली भागासाठी एकच नाव होतं. तोच 'अधिकृत'.

या अधिकृत गृहस्थांनी जेसीबीने खड्डा काढला, तळाला चार पाट्या मुरूम फेकला, त्यावर रिकामी टाकी ठेवली आणि निघालेली काळी माती वर लोटून दिली. तुमच्याच पुस्तिकेत चित्र काढून दाखवलंय की खाली काँक्रीटचा थर घालायचा, टाकी त्याला पट्ट्यांनी बांधायची आणि भराव टाकत जाल तसं आत पाणी भरत जायचं. तिन्हीपैकी एकही गोष्ट झाली नाही. टाकीतून येणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याचं तर विचारूच नका. कृष्णाकाठची काळी माती पावसात पाणी पीत नाही. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरतं हे आधी बघायचं असतं. ते कधी बघणार विचारलं, तर "आम्ही सगळीकडे असाच करतो" हे उत्तर.

व्हायचं तेच झालं. पाऊस लागला, शोषखड्डा तुंबला, बाथरूमच्या जाळीतून घाण उलटी येऊ लागली. ठेकेदार 'दुरुस्ती'ला आला आणि सक्शनची गाडी बोलावून भर जुलैत टाकी तळापर्यंत उपसायला लावली. गाडीवाल्या पोराने माझ्यासमोर सांगितलं, "साहेब, खालनं पाणी लागलंय, पूर्ण रिकामी करू नका." त्याला उत्तर मिळालं, "तू तुझी गाडी भर." दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीने शहाबादी फरशी उचलली होती. झाकण वीतभर वर, चार इंची पाइप एल्बोपाशी मोडलेला, आणि त्या फटीतून मैला परड्यात. दोन हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला भोवतालचं पाणी जवळजवळ दोन टनांच्या जोराने वर ढकलतं. हे तुमच्या इंजिनिअरांना मी शिकवायचं का? आमच्या गावात हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत, 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. जमिनीखाली पाणी चढलं की काय होतं ते इथे शाळेतलं पोरही सांगेल.

आता आजच्या फोनबद्दल. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, टाकी वर आलीय असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

म्हटलं, झाकण फरशीखाली होतं, आता फरशीच्या वर आहे.

"पण सर, जमीन खाली बसली असेल ना."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. तेच उत्तर, आणि वर, "आमच्या सिस्टिममध्ये टाकी लेव्हलला दाखवतेय." म्हणजे अंगण खाली गेलं, तुळशीवृंदावन गेलं, समोरचा रस्ता गेला, संगमेश्वराचं देऊळसुद्धा वीतभर खाली गेलं. फक्त तुमची टाकी तेवढी जागच्या जागी! मग त्यांनी टेप लावून फोटो मागितला. फोटो आधीच पाठवलेला आहे म्हटल्यावर "तो ओपन होत नाही." वरिष्ठांना द्या म्हटलं, तर गाणं लागलं. गाणं संपल्यावर तेच गृहस्थ परत आले आणि म्हणाले, "ठेकेदार आमचा कर्मचारी नाही सर, तो तुम्ही निवडला."

मी निवडला? एका नावाच्या यादीतून? दुसरा माणूस आणला असता तर वॉरंटी गेली असती, आणि तुमचा आणला तर तो तुमचा नाही. वा!

शेवटी उपाय काय सुचवला, तर ठेकेदाराचा माणूस आत उतरून जोड 'सील' करेल. साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या टाकीतल्या वायूने माणसं मरतात, पेपर वाचत असाल तर माहीत असेल. माझ्या परड्यात मी हे होऊ देणार नाही.

ऐंशीच्या पुढची माझी आई रात्री-बेरात्री काठी टेकत शेजाऱ्यांच्या संडासात जाते. तिलाही सांगू का, की जमीन खाली बसलीय?

टाकी काढून काँक्रीटवर, पट्ट्यांनी बांधून पुन्हा बसवा. माती तपासून शोषखड्ड्याची व्यवस्था नव्याने करा. फुटलेली फरशी आणि पाइप तुमच्या खर्चाने. या ठेकेदाराचं नाव यादीतून काढा. तो तुमचा नाहीच म्हणता, तर अडचण कसली? पंधरा दिवसांत हे झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सांगलीच्या जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. आणि मिरजेत माझ्या मेव्हण्याचं घर चालू आहे, तो गच्चीवरची टाकी तुमचीच घेणार होता. आता घेत नाही.

मला परत फोन करू नका. जे काय असेल ते लेखी, सही-शिक्क्यासह कळवा.

एक ग्राहक,
हरिपूर, जि. सांगली

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, तुमच्या पुस्तिकेतलं बसवणुकीचं पान, टेप लावलेले फोटो (छापून, म्हणजे ओपन करावे लागणार नाहीत)